वरचा आहार सुरू केल्यावर बाळ उलटी करते? आहार बंद करू नका, भरवण्याची पद्धत बदला

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की अंगावरच्या दुधासोबत वरचा आहार सुरू करावा, हे अंगणवाडी सेविका व आशा ताई तुम्हाला सांगतात. काही बाळे हा आहार सहज घेतात. काही बाळे मात्र दोन-चार घास घेतात आणि सगळे बाहेर काढतात. मग घरात बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. "याला अजून पचत नाही" म्हणून आहार महिना-दोन महिने थांबवला जातो किंवा डाळीचे पाणी, भाताची पेज असे पातळ पदार्थ सुरू होतात.

या दोन्ही गोष्टींनी बाळाचे नुकसान होते. सहा महिन्यांनंतर फक्त आईच्या दुधातून बाळाची ऊर्जेची आणि विशेषतः लोहाची गरज भागत नाही. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज सुमारे २०० किलोकॅलरी ऊर्जा अन्नातून मिळावी लागते. डाळीच्या वरच्या पाण्याने पोट भरते, पण ऊर्जा फारच थोडी मिळते. म्हणून लक्षात ठेवा: सहज उलटी करणाऱ्या बाळाचा एका वेळचा घास कमी करा, वेळा वाढवा, पण आहार बंद करू नका आणि पाण्यासारखा पातळही करू नका.

बाळ उलटी का करते?

• अन्ननलिका आणि जठर यांच्यामधील झडपेसारखा स्नायू या वयात पुरता घट्ट झालेला नसतो. पोट जास्त भरले, बाळाला आडवे केले किंवा पोटावर दाब आला की खाल्लेले वर येते. बहुतेक बाळांमध्ये हा त्रास १२ ते १८ महिन्यांपर्यंत आपोआप कमी होतो.
• चोखणे आणि गिळणे या वेगळ्या क्रिया आहेत. घट्ट घास जिभेवरून मागे नेणे बाळ नव्याने शिकत असते. घास चुकून लवकर मागे गेला की बाळाला उबळ येते आणि त्यासोबत दूधही बाहेर पडते.
• पोटभर दूध पाजून लगेच अन्न भरवले, तर पोटात जागाच नसते.
• बाळ तोंड फिरवत असताना बळजबरीने भरवले, तरी उलटी होते.

दूध किंवा अन्न थोडेसे तोंडातून ओघळणे म्हणजे गुळणी. गुळणीनंतर बाळ हसते-खेळते, पुन्हा दूध पिते आणि त्याचे वजन वाढत असते. अशा गुळणीला औषध लागत नाही.

भरवण्याची योग्य पद्धत

१. बाळाला बसते धरा. पाय पसरून त्यावर बाळाला आडवे घेऊन बोंडल्याने किंवा वाटीने पेज घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. आडव्या बाळाच्या तोंडात अन्न ओतले, तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बाळाला मांडीवर बसवा, पाठीला आधार द्या आणि मान सरळ ठेवा.

२. दूध आणि अन्न यांत अंतर ठेवा. दूध पाजल्यानंतर साधारण तासा-दीड तासाने अन्न द्या. बाळ भुकेने रडून बेजार होईपर्यंत थांबू नका. रडताना ते हवा गिळते.

३. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करा. लहान चमचा अर्धा भरा. एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्या. घास जिभेच्या पुढच्या भागावर ठेवा, घशाकडे ढकलू नका.

४. बाळाने नको म्हटले की थांबा. तोंड मिटणे, मान फिरवणे, चमचा ढकलणे म्हणजे बाळाचे "पुरे". वाटी संपवायचा आग्रह धरू नका. उरलेला आहार टाकून द्या आणि पुढच्या वेळी ताजा करा.

५. जेवणानंतर २० ते ३० मिनिटे उभे धरा. या वेळात झोके देणे, मालिश, अंघोळ किंवा पोटावर झोपवणे टाळा. कमरेचे लंगोट सैल ठेवा.

६. एका वेळी एकच नवा पदार्थ द्या. तो तीन-चार दिवस दिल्यावर दुसरा सुरू करा. म्हणजे कशाने त्रास होतो ते कळते.

उलटी झाल्यावर लगेच तेवढेच अन्न पुन्हा भरवू नका. बाळाचे तोंड पुसा, त्याला शांत करा. साधारण दहा मिनिटांनी थोडे थोडे अंगावरचे दूध द्या. अन्न पुढच्या वेळी निम्म्या प्रमाणात द्या. ते टिकले तर रोज एक-एक चमचा वाढवा.

अन्न किती घट्ट असावे?

चमचा तिरका केल्यावर अन्न लगेच ओघळून गेले, तर ते फार पातळ आहे. चमच्यावर थोडा वेळ टिकेल, पण बाळाला सहज गिळता येईल इतके मऊ अन्न योग्य. सुरुवातीला त्यात गुठळी राहू देऊ नका. आठव्या-नवव्या महिन्यापासून नुसते कुस्करलेले अन्न द्या. कायम मिक्सरमधून काढलेलेच दिले, तर बाळ घास चावायला शिकत नाही आणि पुढे जरासे जाड अन्न आले तरी उबळ काढते.

वयानुसार प्रमाण (२५० मिलीलिटरची वाटी धरून)

• ६ ते ८ महिने: दोन-तीन चमच्यांपासून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून २ ते ३ वेळा.
• ९ ते ११ महिने: अर्धी वाटी, दिवसातून ३ ते ४ वेळा.
• १२ ते २३ महिने: पाऊण ते एक वाटी, दिवसातून ३ ते ४ वेळा.

तुमच्या बाळाला अर्धी वाटी एका वेळी सोसत नसेल, तर तीच अर्धी वाटी दोन वेळांत विभागून द्या. दिवसभराचे प्रमाण पूर्ण होणे महत्त्वाचे आहे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवा.

घरातले सोपे पदार्थ

• खिमट: तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून जाडसर दळून ठेवा. लागेल तेवढे पाण्यात शिजवा आणि वरून अर्धा चमचा तूप किंवा तेल घाला. तुपामुळे कमी घासांत जास्त ऊर्जा मिळते. एका वेळी थोडेच खाणाऱ्या बाळासाठी हे फार उपयोगी आहे.
• घट्ट वरणासोबत कुस्करलेला मऊ भात.
• नाचणी सत्त्वाची घट्ट लापशी.
• उकडून कुस्करलेला लाल भोपळा, गाजर, रताळे किंवा बटाटा, पिकलेले केळे.
• चांगले उकडलेले, कुस्करलेले अंडे. सुरुवात पाव चमच्याने करा.

एक वर्षापर्यंत मध देऊ नका. उष्टावणाच्या दिवशीही नाही. मधामुळे लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. मीठ-साखर, चहा आणि चहात बुडवलेले बिस्किट टाळा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे यांनी घसा अडकू शकतो. दुधाची बाटली वापरू नका. ती नीट स्वच्छ होत नाही आणि त्यातून जुलाब-उलट्यांचा संसर्ग होतो. वाटी-चमचा वापरा आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवा.

बाळ ठीक आहे हे कसे ओळखावे?

उलटी किती वेळा झाली यापेक्षा वजन काय सांगते ते पाहा. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा आलेख असतो. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून त्यावर खूण करून घ्या. बाळाचे वजन हिरव्या पट्ट्यात असून रेषा वर चढत असेल, तर बाळाला पुरेसे मिळत आहे. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, तर बाळ हिरव्या पट्ट्यात असले तरी वाट पाहू नका. पिवळा पट्टा म्हणजे वजन कमी, केशरी म्हणजे फारच कमी. सेविका दंडाचा घेरही मोजतात. सहा महिन्यांवरील बाळाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण समजून तातडीने उपचार लागतात.

लगेच दवाखान्यात केव्हा जावे?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले, तर घरगुती उपाय करत थांबू नका:

• उलटी हिरव्या रंगाची आहे किंवा उलटीत अथवा शौचात रक्त आहे.
• उलटी जोराने, लांब फेकल्यासारखी आणि वारंवार होते.
• बाळाच्या पोटात काहीच टिकत नाही किंवा ते दूध पिऊ शकत नाही.
• बाळ मलूल, सुस्त आहे, जागे करणे अवघड जाते किंवा त्याला झटके येतात.
• सहा-आठ तासांत लघवी नाही, टाळू किंवा डोळे खोल गेले आहेत, तोंड कोरडे आहे.
• पोट फुगून कडक झाले आहे, ताप आहे किंवा श्वास घेताना त्रास होतो.
• एखादा ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर एक ते चार तासांनी दर वेळी जोरात उलट्या होतात आणि बाळ फिकट पडते. ही त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असू शकते. डॉक्टरांना दाखवेपर्यंत तो पदार्थ देऊ नका.

उलटीसोबत जुलाब असतील, तर ओआरएस सुरू करा. एक लिटर पाण्याचे पूर्ण पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यातच विरघळवा आणि चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि आणखी सावकाश द्या. जुलाबांसाठी आशा ताई झिंकच्या गोळ्याही देतात. सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम याप्रमाणे १४ दिवस द्यायच्या असतात. उलटी थांबवण्याचे औषध डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

तुमच्या हक्काच्या सेवा

घरपोच आहार: राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना अंगणवाडीतून वयानुसार मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. तीन वर्षांपर्यंत तो घरी नेण्यासाठी देतात. राज्यानुसार त्याचे नाव बदलते: गुजरातमध्ये बालशक्ती, तेलंगणात बालामृतम, केरळमध्ये अमृतम न्यूट्रिमिक्स, ओडिशात छतुआ. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे शिजवा किंवा कालवा. बाळाला नवा असेल तर हाही पदार्थ दोन चमच्यांपासून सुरू करा. हा आहार बाळाचा आहे, तो घरात सगळ्यांत वाटू नका.

आशा ताईंची गृहभेट: बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचे झाले की आशा ताई घरी येतात. उलटीची तक्रार त्यांना स्पष्ट सांगा आणि त्यांच्यासमोर एकदा बाळाला भरवून दाखवा. पद्धतीतली चूक तिथेच लक्षात येते.

लोहाचे औषध: सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर. काही बाळांना रिकाम्या पोटी दिल्यावर मळमळ होते, म्हणून दूध किंवा आहारानंतर द्या. बाळ आजारी असेल तर देण्यापूर्वी आशा ताई किंवा परिचारिकेला विचारा.

मोफत उपचार: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी आरोग्य संस्थेत तपासण्या, औषधे, उपचार आणि ने-आण मोफत आहे. कुपोषण तीव्र असेल आणि सोबत आजार असेल, तर बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतात. तिथे आईची राहण्या-जेवणाची सोय असते. अनेक राज्यांत बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कमही मिळते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कामासाठी दुसऱ्या राज्यात आलो आहोत. आहार मिळेल का?
होय. पोषण ट्रॅकरवर नोंद असलेले लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीकडे, दुसऱ्या राज्यातही, स्थलांतरित करता येतात. जवळच्या अंगणवाडीत माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन जा.

बाळाचे आधार कार्ड काढलेले नाही. अडचण येईल का?
बाळाचे आधार सक्तीचे नाही. आईच्या आधारवर नोंदणी होते.

दात येत असल्यामुळे उलट्या होतात का?
नाही. दातांमुळे लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात. वारंवार उलट्या किंवा जुलाब होत असतील, तर कारण दुसरे आहे. तपासणी करून घ्या.

बाळ कमी दिवसांचे जन्मले आहे. आहार केव्हा सुरू करावा?
अशा बाळाबाबत वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.

आज काय कराल?

पुढच्या जेवणाला बाळाला बसते करून दोन चमचे घट्ट, मऊ अन्न द्या आणि नंतर अर्धा तास उभे धरा. या महिन्याचे वजन झाले नसेल तर अंगणवाडीत जाऊन कार्डावर नोंद करून घ्या. पुढच्या महिन्यात ती रेषा कुठे गेली ते सेविकेसोबत पाहा. रेषा वर गेली नसेल, तर त्याच दिवशी कार्ड घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा.