घरच स्पीकरचा बॉक्स होतं तेव्हा

जुन्या टेपरेकॉर्डरमधला एखादा स्पीकर सुटा काढा, त्याच्या दोन वायरी अँपला जोडा आणि तो तसाच हातात धरून गाणं लावा. आवाज येतो, पण चिरका. तबल्याची चाट ऐकू येते, डग्गा गायब. आता टीव्हीच्या रिकाम्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या, त्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्या भोकावर मागून घट्ट दाबून धरा. डग्गा आला! अँप तोच, स्पीकर तोच, आवाजाचं बटणही हललेलं नाही. वाढला तो फक्त पुठ्ठा.

स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे प्रत्येक स्पीकर एका वेळी दोन आवाज काढत असतो, एक पुढे आणि एक मागे, आणि ते एकमेकांच्या नेमके उलटे असतात. उघड्या स्पीकरमध्ये पुढची दाबलेली हवा कडेवरून वळून मागच्या विरळ हवेत शिरते आणि जमा-खर्च शून्यावर येतो. बारीक आवाजांना याचा त्रास नाही, कारण १०,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. १०० हर्ट्झची लहर मात्र साडेतीन मीटर लांब. सहा इंची स्पीकरची कड ओलांडणं तिला काहीच नाही. पुठ्ठा मधे आला की तिला लांबचा वळसा पडतो, आणि तेवढ्यानं डग्गा वाचतो.

पुठ्ठा जितका मोठा तितका आणखी खालचा सूर ऐकू येणार. मग पुठ्ठ्याच्या जागी आख्खी भिंत घेतली तर? आख्खं छत घेतलं तर? मागच्या आवाजाला पुढे यायला वाटच उरत नाही. छतात आणि भिंतीत बसवायचे स्पीकर याच युक्तीवर चालतात. म्हणून तर खोका उघडल्यावर अनेकांना फसवल्यासारखं वाटतं: एवढे पैसे मोजले आणि हाती आली नुसती जाळी, शंकू आणि मागे लोंबणारं लोहचुंबक. बॉक्स कुठे आहे? बॉक्स तुमच्या घरानं द्यायचा असतो. त्यामुळे असा स्पीकर निवडताना कंपनीचं पत्रक पाहण्याआधी घराची भिंत ठोकून पाहावी, असं माझं मत आहे.

उदाहरणार्थ, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या घराची भिंत ठोकली तर काय कळतं? १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, पाठोपाठ पुरवठादारांचे कारखाने आले, आणि बजाजनगर, सिडकोचं वाळूज महानगर, रांजणगाव शेणपुंजी इथे कामगारांची आणि अधिकाऱ्यांची घरं उभी राहिली. त्यांतलं एखादं रो हाऊस घ्या. दहा बाय पंधराचा हॉल, दहा फुटांवर आरसीसी स्लॅब, आतल्या भिंती चार इंची विटांच्या, आणि एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक. आता भिंतीत बसवायचे स्पीकर मूळचे अमेरिकन घरांच्या मापानं घडलेले. तिथली भिंत म्हणजे लाकडाच्या उभ्या पट्ट्या आणि दोन्ही अंगांनी जिप्सम बोर्ड. मधली पोकळी साडेतीन इंच. स्पीकरची खोलीही त्या पोकळीत मावेल अशीच ठेवलेली. आपल्याकडे ती पोकळीच नाही. चार इंची भिंत छिन्नीनं खोदायला घेतली की पलीकडचं प्लॅस्टर फुगतं, आणि भिंत सामाईक असेल तर पलीकडे शेजारी असतो. स्लॅबला तर हातच लावायचा नाही. आत सळई आहे आणि तिच्यावर घर उभं आहे.

राहिल्या दोन वाटा: भिंतीवर प्लायचं पॅनेलिंग किंवा स्लॅबखाली फॉल्स सीलिंग. फॉल्स सीलिंग आता वाळूजमध्येही घराघरांत दिसतं, आणि इथेच खरी मेख आहे. आपल्याला कोव्ह लाईट लागतो. म्हणजे हॉलच्या कडेनं सीलिंग चार-सहा इंच खाली आणायचं आणि त्याच्या आतल्या कडेला फट ठेवून एलईडीची पट्टी लपवायची. दिसायला झकास. पण स्पीकरच्या नजरेनं पाहा. मागचा आवाज सीलिंगच्या पोकळीत शिरला, चार हात पुढे गेला, आणि त्या उजेडाच्या फटीतून आरामात खोलीत उतरला. पुठ्ठ्याला चौफेर चीर पाडावी तसं झालं. डग्गा पुन्हा पातळ.

उपाय जुनाच: स्पीकरच्या पाठीवर प्लायचा बंद बॉक्स करून घ्यायचा. दीड फूट लांब, एक फूट रुंद, सहा इंच खोल अशा बॉक्सच्या आत सुमारे २१ लिटर हवा मावते. आपल्या स्पीकरला किती लिटर लागतात ते बहुतेक पत्रकांत दिलेलं असतं. आत पॉलिस्टर फायबर सैलसर भरायचं, म्हणजे हवेची उसळी थोडी नरमते. बॉक्सचे आणखी दोन फायदे पत्रकात लिहिलेले नसतात. एमआयडीसीची धूळ आत जात नाही आणि पाल आत जात नाही. शंकूच्या मागे शिरलेली पाल कसा आवाज करते ते ज्यानं ऐकलंय त्याला दुसरा फायदा सांगावा लागत नाही.

प्रत्यक्ष बसवणं पाहण्यासारखं असतं. कागदी साचा सीलिंगला चिकटवून मिस्त्री पेन्सिलीनं वर्तुळ मारतो, आधी बोटानं टकटक करून लोखंडी चॅनेल कुठे आहे ते ऐकतो, मग साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डात बारीक करवत घालतो. पांढरी पूड चष्म्यावर, मिशीवर, सोफ्यावर. स्पीकर भोकात ढकलला की समोरचे स्क्रू आवळायला सुरुवात होते, आणि आत मिटून बसलेले प्लॅस्टिकचे कान एकेक करून बाहेर वळतात आणि बोर्डाला पाठीमागून चावा घेतात. बाहेरून एकही खिळा दिसत नाही. जाळी लोहचुंबकानं चिकटते. दोन-तीन किलोंचं हे ओझं नुसत्या जिप्समवर सोडू नये. स्लॅबला फास्टनर मारून तारेनं टांगून घ्यावं. आणि लाईटवाल्याशी भांडण ठरलेलंच: "साहेब, मधोमध स्पीकर आला तर डिझाईनची वाट लागंल." भोकं पाडायच्या आधी दोघांना एका जागी बसवून एकच नकाशा काढणं, हा या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी केला जाणारा उपाय.

त्या जाळीमागे चालतं ते यंत्र जवळजवळ शंभर वर्षं बदललेलं नाही. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला जोडलेला शंकू. वीज उलटसुलट वाहिली की शंकू पुढेमागे. या कल्पनेचं पेटंट १८७४ साली वेर्नर सीमेन्स यांनी घेतलं. तेव्हा त्यातून गाणं वाजवायला अँपच जन्माला आलेला नव्हता. त्यांच्याच नावाच्या कंपनीचा एक कारखाना आज वाळूज एमआयडीसीत आहे, हा योगायोग मला आवडतो. आजच्या रूपातला स्पीकर जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला.

आता स्पीकर डोक्यावर गेला. आवाज वरून येतोय हे आपल्याला कळतं कसं? डावं-उजवं समजणं सोपं आहे. आवाज एका कानाशी दुसऱ्यापेक्षा जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका आधी पोचतो आणि मेंदूला तेवढा फरक पुरतो. पण बरोबर डोक्यावरचा आवाज दोन्ही कानांशी एकाच क्षणी पोचतो. समोरचाही. मग फरक कशात? कानाच्या पाळीवरच्या वळ्यांत. त्या वळ्यांवर आदळून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि काही बारीक सूर खातो, काही उठवतो. कुठले, ते आवाज कोणत्या उंचीवरून आला त्यावर ठरतं. जर्मन शास्त्रज्ञ येन्स ब्लाउअर्ट यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं, की साधारण ८,००० हर्ट्झच्या आसपासचा अरुंद पट्ट्यातला आवाज समोरून सोडला तरी ऐकणाऱ्याला तो डोक्यावरून आल्यासारखा वाटतो.

त्याहून थक्क करणारा प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. काही माणसांच्या कानांच्या वळ्यांत छोटे साचे बसवून कानाचा आकारच बदलला. त्यांना डावं-उजवं कळत राहिलं, पण वर-खाली कळेनासं झालं. काही आठवड्यांत मेंदू नवे कान शिकला. साचे काढल्यावर जुन्या कानांची विद्या लगेच परत आली. नवी भाषा शिकून जुनी विसरली नव्हती. तुमच्या कानाची नक्षी तुमची एकट्याची आहे आणि तिचा नकाशा तुमच्या मेंदूत आहे. सीलिंगमधला स्पीकर तो नकाशा वापरत असतो.

म्हणूनच टीव्हीचे संवाद छतातून ऐकवू नयेत. बातम्या सांगणारी बाई समोर आणि तिचा आवाज पंख्याजवळून, हे कानाला पहिल्या मिनिटाला खटकतं. समोरचे स्पीकर पॅनेलिंगमध्ये, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवेत. छत हे गाण्यांसाठी, किंवा डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी. २०१२ साली चित्रपटगृहांत आलेल्या आणि २०१४पासून घरांत शिरलेल्या या पद्धतीत पाऊस खरोखर वरून पडावा म्हणून डोक्यावरचे स्पीकर वेगळे लागतात. निव्वळ गाणी ऐकायची तर स्पीकर किती अंतरावर? शंकूचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा पसरतो. दहा फुटांची स्लॅब, सहा इंच सीलिंगचे गेले, बसलेल्याचा कान साडेतीन फुटांवर. उरले सहा फूट. झोत नव्वद अंशांचा धरला तर कानाच्या पातळीला बारा फुटी वर्तुळ भरतं. दहा बाय पंधराच्या हॉलला दोन स्पीकर भरपूर झाले. चार विकणारा दुकानदार तुमचा हॉल मोजत नाहीये.

छताचा आवाजाशी संबंध मात्र स्पीकरपेक्षा फार जुना, आणि त्याचा एक थोर नमुना वाळूजपासून तासाभरावर आहे. वेरूळचं दहावं लेणं, सुताराची झोपडी. सातव्या शतकाच्या सुमाराचं हे बौद्ध चैत्यगृह. कमानदार छताला लाकडी वाशांची नक्कल करणाऱ्या दगडी फासळ्या, खाली स्तूप आणि त्याच्यासमोर बसलेले बुद्ध. छत सुमारे ३४ फूट उंच. खाली उभं राहून एक लांब सूर लावा. तो वर जातो, दगडाला लागतो आणि ५८ फुटांचा प्रवास करून सेकंदाच्या विसाव्या भागानं कानाशी परततो. त्यामागून भिंतींचे, खांबांचे, फासळ्यांचे परतावे. थांबलात तरी सूर चालूच राहतो.

घरातल्या छतावरूनही आवाज परततो, पण दहा फुटांत जाऊन-येऊन, सेकंदाच्या शंभराव्या भागात. तो आपल्याला वेगळा ऐकूच येत नाही. हेल्मुट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात हे मोजलं: दुसरा आवाज पहिल्यामागून सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागाच्या आत आला, तर मेंदू त्याला पहिल्यातच जिरवतो आणि दिशा पहिल्याचीच धरतो, दुसरा थोडा मोठा असला तरी. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत तेच गाणं चार स्पीकरांतून वाजत असतं आणि आपण चालताना ते नेमकं आपल्या डोक्यावरच्याच स्पीकरमधून येतंय असं वाटतं, त्याचं कारण हेच. बाकीचे तीन वाजत असतात. मेंदूनं त्यांची नावं खोडलेली असतात.

वायरीबद्दल थोडक्यात. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर बारा मीटर लांब टाकली, तर जाऊन-येऊन जेमतेम पाव ओहमहून थोडा जास्त अडथळा होतो. आठ ओहमच्या स्पीकरला तो चालतो. त्याहून लांब असेल तर अडीचची टाका. सोन्याच्या पिनांच्या कहाण्या ऐकू नका. विजेच्या वायरी आणि स्पीकरच्या वायरी एका पाइपात घालू नका. आणि एकाच अँपला आठ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की अँपला दोनच ओहम दिसतात. तो तापतो आणि बंद पडतो. पत्रकातल्या वॅटच्या आकड्यांनीही भुलू नका. आजचा साधा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. निवासी भागाची दिवसाची कायदेशीर मर्यादा ५५ आहे.

शेवटचं काम बहुतेक जण करत नाहीत आणि मला तेच सगळ्यांत गमतीचं वाटतं. मोबाईलवर टोन जनरेटरचं एखादं अ‍ॅप घ्या, तीस हर्ट्झवर लावा आणि आकडा सावकाश दोनशेपर्यंत चढवत न्या. एका आकड्यावर डाऊनलाईटची स्प्रिंग किणकिणते. आकडा पुढे गेला की ती गप्प आणि शोकेसची काच बोलू लागते. मग रॅकमधली स्टीलची ताटं. प्रत्येक वस्तूचा एक स्वतःचा सूर असतो आणि तो लागला की तीच थरथरते, शेजारची नाही. ताटांखाली फडकं, काचेला रबराची चकती, डाऊनलाईटच्या कडेला फोमची पट्टी. पंख्याच्या दांड्याची वाटी मात्र उतरवून तिचा स्क्रू नव्यानं आवळावा लागतो, आणि त्यासाठी इलेक्ट्रिशियनला पुन्हा बोलवावं लागतं. तो तोवर पैसे घेऊन रांजणगावला दुसऱ्या साईटवर गेलेला असतो.