शिवराईवरील टाकसाळदोष
शहापूर तालुक्यातील खर्डीसारख्या गावी जुन्या घराच्या देव्हाऱ्यात एखादी शिवराई असणे नवलाचे नाही. नाण्यांच्या अभ्यासास नुकताच लागलेला विद्यार्थी ती हाती घेतो आणि त्याला चुकाच चुका दिसू लागतात : कडेचे अक्षर अर्धवट, ‘शिव’ऐवजी ‘सीव’, आकार ओबडधोबड. यांपैकी एकही टाकसाळदोष नव्हे.

१६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित असलेले हे तांब्याचे नाणे पुढे पेशवाईतही पाडले जात होते. त्याच्या एका अंगास तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास दोन ओळींत ‘छत्र पति’. ठसा बहुधा चकतीहून मोठा असे. तेव्हा अक्षरे कडेबाहेर जाणे हे त्या हातघडणीस धरूनच होते. लेखनभेद ठसा कोरणाऱ्याचा असतो व त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तो उतरतो. त्यास दोष म्हणून बाजूस सारले, तर ऱ्हस्वदीर्घाचा व श-सच्या लेखनाचा एक दिनांकित नसला तरी अस्सल पुरावा हातचा जातो.

टाकसाळदोष एखाद्या आघातापुरता असतो. नाणे निसटून दुसरा घाव बसला, तर अक्षरे दुहेरी उमटतात. उलट्या अक्षरांच्या बाबतीत मात्र विशेष सावध राहावे. ठशावर अक्षरे उलटी कोरावी लागत. कारागीर ते विसरला, तर नाण्यावर अक्षर उलटे परंतु उठावाचे येते. हाही ठशाचाच भेद. अक्षरे उलटी आणि खोलगट असतील, तर निराळे घडले आहे : आधीचे नाणे वरच्या ठशास चिकटून राहिले व नवी चकती त्याखाली आली. अशा नाण्यावर खालच्या ठशाचाच मजकूर दोन्ही अंगांस येतो, एकीकडे सुलट व उठावाचा, दुसरीकडे उलट व खोल. दोन नाणी शेगड्यात दाबूनही खोल अक्षरे उमटविता येतात. पण तेव्हा मागील अंगाचा उठाव चेपलेला आढळतो.

गळ्यात घालण्यासाठी पाडलेले भोक किंवा झीज यांचा टाकसाळीशी संबंध नाही. देवाची नाणी चिंचेने व राखेने घासण्याची रीत भक्तीस साजेशी असली, तरी वरील सर्व परीक्षा ज्या बारीक उठावावर अवलंबून, तोच तिने प्रथम नाहीसा होतो.