गंजाचा लहानसा डाग

पावसाळा सरला की मोटारीच्या दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकावरील कमानीत रंग फुगून आलेला दिसतो. नखाने खरवडताच तांबूस भुकटी हाती येते. अनेक जण त्यावर रंगाचा हात फिरवून निश्चिंत होतात. परंतु आत अडकलेल्या ओलाव्यामुळे गंज रंगाखाली पसरतच राहतो.

डाग लहान असल्यास उपाय घरीही करता येतो. जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी व भोवती मास्किंग टेप लावावी. नाकावर मुखपट्टी बांधून ८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावे. मग ३२० क्रमांकाच्या पेपरने जुन्या रंगाची कड उतरती करावी. उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरने झाकावा. अन्यथा दमट हवेत तो पुन्हा गंजू लागतो. प्रायमर वाळल्यावर गाडीच्या रंगक्रमांकाप्रमाणे रंगाचे पातळ थर व शेवटी लॅकर द्यावे.

पत्र्याला भोक पडले असेल, तर मात्र कार्यशाळाच गाठावी. हा खर्च सहसा विम्यातून मिळत नाही, कारण गंज ही झीज मानली जाते. म्हणून डाग दिसताच हात घालावा. व्याजाप्रमाणेच गंजालाही सुटीचा दिवस नसतो!