हिरड्यांचा रोग : रक्ताचा वारसा आणि मिश्रीचा

‘आमच्या घराण्यातच दात लवकर हलतात,’ असे म्हणून चाळिशीतला माणूस हिरड्यांच्या दुखण्याशी तडजोड करतो, तेव्हा तो अगदीच खोटे बोलत नसतो. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील ४८० मजुरांची दीर्घकालीन पाहणी हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. दात घासण्याची सवय नाही, दंतवैद्य ठाऊक नाही, कीटण मात्र सर्वांच्याच दातांवर. तरीही पंधरा वर्षांत सुमारे ८ टक्के मजुरांच्या दातांचा आधार झपाट्याने खंगला आणि ११ टक्के मजुरांचा रोग हिरड्या सुजण्यापुढे गेलाच नाही. कीटणातील जंतू रोगाला आरंभ करतात. परंतु त्यांच्याशी झुंजताना शरीर स्वतःचेच हाड किती झिजवते, हे माणसागणिक वेगळे असते. अमेरिकेतील ११७ जुळ्या जोड्यांच्या २००० सालच्या अभ्यासात या रोगाबाबत माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे निम्मा फरक वारशाचा आढळला.

हा ‘निम्मा’ समूहाचा आकडा आहे. कोणा एकाच्या हिरड्यांचा अर्धा दोष त्यावरून आजोबांच्या माथी मारता येत नाही. (समूहाचे आकडे व्यक्तीला चिकटवण्याची हौस आपल्याकडे दरडोई उत्पन्नापासूनचीच आहे.)

सिन्नरसारख्या विडी उद्योगाच्या गावात तर हा हिशेब अधिकच गुंतागुंतीचा होतो. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची चाल महाराष्ट्रातील स्त्रियांत जुनी आहे, आणि विड्या वळणाऱ्या घरात तंबाखू हाताशीच असतो. आजी, आई, मुलगी यांचे रक्त एक आणि मिश्रीची डबीही एकच. वरवर पाहणाऱ्यास दोन्ही वारसे सारखेच दिसतात. इंटरल्युकिन-१ या जनुकाच्या विशिष्ट रूपाचा तीव्र रोगाशी संबंध १९९७ साली दाखविला गेला, तो धूम्रपान न करणाऱ्यांत. धूम्रपान करणाऱ्यांत तंबाखूचाच प्रताप एवढा मोठा, की जनुकाचा फरक त्यात दिसेनासा झाला. शिवाय तंबाखूच्या धुराने हिरड्यांतून रक्त येणे कमी होते, म्हणजे सावध करणारी खूणच पुसली जाते.

विडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभारला गेला. त्याला पैसा पुरविणारा विड्यांवरील उपकर वस्तू व सेवा कराबरोबर २०१७ साली रद्द झाला. हजार विड्यांमागे मजुरी मिळविणाऱ्या बाईला दंतवैद्याकडे गेलेला प्रत्येक दिवस बुडालेल्या मजुरीत मोजावा लागतो. हिरड्यांच्या उपचाराला अनेक खेपा लागतात, हलणारा दात उपटायला एकच.