इंग्रजी वाक्यांचे चार प्रकार

इंग्रजी म्हटले की कित्येकांना धडकी भरते. नुसते शब्द पाठ करून भागत नाही, वाक्य कोणत्या जातीचे ते ओळखता आले पाहिजे. आमच्या बाईंनी शिकवलेले चार प्रकार मी येथे मांडत आहे.

१. विधानार्थी वाक्य : हे नुसती माहिती सांगते. ‘राम इज इन द फील्ड.’ म्हणजे राम शेतात आहे. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते.

२. प्रश्नार्थी वाक्य : आपण शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न झाला. इंग्रजीत ‘इज’ उडी मारून पुढे येतो : ‘इज राम इन द फील्ड?’ पण ‘राम गोज टू स्कूल.’ यात पुढे येणार कोण? मग ‘डज’ मदतीला धावतो : ‘डज राम गो टू स्कूल?’ ‘डज’ आला की ‘गोज’चा पुन्हा ‘गो’ होतो बरं का!

३. आज्ञार्थी वाक्य : यात आज्ञा, विनंती किंवा मनाई असते. क्रियापद पहिले आणि कर्ता ‘यू’ लपलेला. आपण लहानाला ‘बस’ व मोठ्यांना ‘बसा’ म्हणतो. इंग्रजीत दोघांनाही ‘सिट डाउन’च! म्हणून मोठ्यांशी बोलताना ‘प्लीज’ लावावे. मनाई करायची तर आधी ‘डू नॉट’ येते.

४. उद्गारार्थी वाक्य : ‘हाऊ टॉल इज धिस ट्री?’ हा प्रश्न. ‘हाऊ टॉल धिस ट्री इज!’ हे आश्चर्य. शब्द तेच, फक्त ‘इज’ची जागा बदलली.

घरी सगळ्यांत जास्त उपयोग तिसऱ्या प्रकाराचा होतो. औषधाच्या बाटलीवर ‘शेक वेल बिफोर यूज’ असते, म्हणजे घेण्याआधी चांगले हलवा. फवारणीच्या डब्यावर ‘कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’ असते, म्हणजे मुलांच्या हाती लागू देऊ नका. आमची आई बाटली माझ्याकडेच वाचायला देते. मी आधी ‘डू नॉट’ शोधते. कारण ‘नॉट’ वाचायचा राहिला तर अर्थ नेमका उलटा होतो, आणि औषधाच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते. अर्थ कळला नाही तर अंदाज करू नये, डॉक्टरांना किंवा दुकानदाराला विचारावे.

पालकांनो, घरातल्या बाटल्या-डबे मुलांकडून जरूर वाचून घ्या. आणि दोस्तांनो, तुम्हाला सापडलेले एक आज्ञार्थी वाक्य खालच्या कोऱ्या जागेत लिहा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी