वहीत नोंद आहे का?

पांढरपेशा घराचा आणि पोलीस ठाण्याचा संबंध आयुष्यात फार तर तीनदा येतो. एकदा पासपोर्टाच्या चौकशीसाठी, एकदा भाडेकरूची माहिती देण्यासाठी आणि एकदा, ग्रह वाईट असतील तर, घरी चोरी झाल्यावर. तिन्ही वेळा आपण जरा अंग चोरूनच ती पायरी चढतो आणि काम आटोपले की मोकळा श्वास घेतो. तुरुंगाशी तर तेवढाही संबंध नसतो. त्यामुळे पोलीस कोठडीत काय चालते, तुरुंगात कोण किती दिवस पडून आहे, हा प्रश्न दुसऱ्या कोणाचा तरी आहे अशी आपली समजूत असते. वर जोडीला म्हण तयार असतेच: कर नाही त्याला डर कशाला?

ही म्हण मी एकतीस वर्षे ऐकली. फौजदारी कोर्टात मी कारकून होतो. रिमांडचे कागद लावणे, तारखांची वही भरणे, जामिनाची बंधपत्रे तपासणे, हे माझे काम. या कामात भाषणे ऐकायला मिळत नाहीत. कागद मात्र पुष्कळ वाचायला मिळतात. ते वाचता वाचता एक गोष्ट माझ्या मनावर पक्की ठसली, ती वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

सरकारच्या हातात माणूस गेला की त्याचा निर्दोषपणा त्याला वाचवतोच असे नाही. वाचवते ती नोंद. कोणी धरले, केव्हा धरले, कशासाठी, कोठे ठेवले, घरी कोणाला कळवले, डॉक्टरने काय पाहिले, सोडायचे केव्हा, या नोंदी म्हणजे त्या माणसाचे सगळे चिलखत. आणि त्या नोंदी दाखवा म्हणणारा कोणीतरी बाहेर असावा लागतो. तो नसला की वही कोरी राहते.

हे पटत नसेल तर रुदुल साह याची हकीकत ऐका. बिहारातल्या मुझफ्फरपूरच्या तुरुंगात हा माणूस होता. ३ जून १९६८ रोजी सेशन्स कोर्टाने त्याला निर्दोष ठरवले. पण तुरुंगाचे दार त्याच्यासाठी उघडले ते १६ ऑक्टोबर १९८२ रोजी! मधली चौदा वर्षे तो निर्दोष माणूस म्हणूनच कैदेत होता. ‘कर’ नव्हती हे खुद्द कोर्टाने सांगितले होते; त्याचा उपयोग शून्य.

सुप्रीम कोर्टाने कारण विचारले तेव्हा सरकारतर्फे उत्तर आले की त्याचे डोके ठिकाणावर नव्हते. ठीक आहे, पण ते कोणत्या डॉक्टरने ठरवले? औषधपाणी काय केले? त्याचा एक कागद पुढे आला नाही. उलट सिव्हिल सर्जनने तो ठीक असल्याचे १९७७ च्या फेब्रुवारीतच कळवले होते, आणि त्यानंतरही पाच वर्षांहून अधिक काळ तो आतच राहिला. या खटल्याचा निकाल १ ऑगस्ट १९८३ रोजी लागला आणि तो लिहिला आपल्या पुण्यात जन्मलेल्या यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. ते तेव्हा देशाचे सरन्यायाधीश होते. आधी दिलेले पाच हजार धरून एकूण पस्तीस हजार रुपये सरकारने त्याला द्यावेत असा हुकूम झाला. चौदा वर्षांचे पस्तीस हजार, म्हणजे वर्षाला अडीच हजार. रक्कम पाहून हसावे की रडावे कळत नाही. पण बेकायदा डांबल्याबद्दल सरकारला खिशात हात घालावा लागतो, हे या निकालाने ठरले. पुढच्या अनेकांना त्याचा आधार मिळाला.

आता कोणी म्हणेल, कोर्ट आहे ना, ते पाहून घेईल. कोर्ट पाहते, पण त्याच्यापर्यंत गोष्ट कोणी न्यायची? हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दर वेळी ती नेणारा माणूस अगदी अनपेक्षित निघाला आहे.

१९७९ च्या जानेवारीत इंग्रजी वर्तमानपत्रात बिहारच्या तुरुंगांवर लेख आले. खटला उभा राहण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे पडलेले कैदी त्यात होते. काहींवरचा आरोप सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ ते आत काढून बसले होते! हे लेख कोणा चळवळ्याने लिहिलेले नव्हते. लिहिणारे होते के. एफ. रुस्तमजी, जन्म आपल्या विदर्भातल्या कामठीचा, हयात पोलिसात गेलेली, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख आणि त्या वेळी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य. आपल्याच खात्याशी निगडित गोष्ट त्यांनी झाकली नाही. कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी ते लेख घेऊन सुप्रीम कोर्ट गाठले. हाच तो हुसैनआरा खातून खटला. खटला लवकर चालणे हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पंधरांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बाईंनी काय करावे? मोर्चा नाही, सभा नाही. सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिले. कोर्टाने तेच अर्ज म्हणून दाखल करून घेतले आणि मुंबईच्या निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन पाहणी करायला सांगितले. १५ फेब्रुवारी १९८३ ला निकाल लागला. स्त्रियांना वेगळ्या कोठडीत ठेवा, तेथे पहारा स्त्री पोलिसांचाच असावा, स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसांच्या समक्षच व्हावी, अटक झाल्याबरोबर नातलगाला आणि कायदेविषयक मदत समितीला कळवा, शहरातल्या सेशन्स न्यायाधीशांनी कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात. आणि एक फार साधी गोष्ट: आरोपी पुढे उभा राहिला की मॅजिस्ट्रेटने त्याला विचारावे, ‘पोलिसांविरुद्ध तुझी काही तक्रार आहे का?’

या प्रश्नाचे मोल मला पुढे कचेरीत बसून कळले. प्रश्न एका ओळीचा, उत्तरही बहुधा एका शब्दाचे, आणि तो शब्द म्हणजे ‘नाही’. आरोपीच्या शेजारी त्याला आणणारे शिपाई उभे असतात, तो दुसरे काय बोलणार? पण आमचे एक साहेब असे होते की ते चष्मा काढून, कागद बाजूला सारून, त्या माणसाच्या तोंडाकडे पाहून हा प्रश्न विचारीत आणि उत्तराची वाट पाहत. शिपायांना चार पावले मागे उभे करीत. त्यांच्या कारकिर्दीत ‘होय’ ची उत्तरे मी लिहून घेतली आहेत. कायदा तोच होता, नमुना तोच होता. विचारणारा वेगळा होता.

यानंतरचा मोठा टप्पा डी. के. बसू खटल्याचा. पश्चिम बंगालच्या या गृहस्थांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून १९८६ साली सरन्यायाधीशांना पत्र धाडले; निकाल १९९६ च्या डिसेंबरात आला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद जागच्या जागी करावा, त्यावर वेळ आणि तारीख घालावी, घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यावी, आरोपीची सही घ्यावी. अंगावर जखमा असल्या तर त्या लिहाव्यात. कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरने तपासावे. यातला बराच भाग पुढे कायद्यातच आला. २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावून त्यांचे चित्रण अठरा महिने जपण्याचाही आदेश दिला. कॅमेरा म्हणजे तरी काय? न थकणारी नोंदवहीच. फक्त ती चालू आहे ना, आणि मागितल्यावर मिळते ना, हे पाहणारा हवा.

या सगळ्यावर आमच्या शेजारचे एक निवृत्त मास्तर नेहमी हरकत घेतात. ‘चोरांचे हे लाड कशाला? ज्यांच्या घरी चोरी होते त्यांचे काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. पण मास्तरांच्याच घरी साखळीचोरी झाली तेव्हा काय घडले? ठाण्यावर त्यांना सांगण्यात आले, ‘आजोबा, फिर्याद कशाला? साधा अर्ज देऊन ठेवा.’ अर्ज दिला की गुन्हा आकड्यात येत नाही, तपासही लागत नाही. फिर्याद न लिहिणारी लेखणी आणि अटक न लिहिणारी लेखणी एकच असते. एका नोंदीचा आळस माफ केला की दुसरीचाही होतो. चोराच्या बाजूने आणि मास्तरांच्या बाजूने मागणी एकच आहे: जे घडले ते वहीत लिहा.

आता आजच्या तुरुंगांचा हिशेब पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ सालाच्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. जागा ४,३६,२६६ जणांची. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. शंभरातले पंच्याहत्तरहून अधिक! शिक्षा झालेला एकही कैदी नसता, तरी हे तुरुंग काठोकाठ भरले असते.

यांतल्या कित्येकांना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. ऐपतीचा दाखला, मालमत्तेचा उतारा, रेशनकार्ड, कोठून आणायचे हे सारे? बांधकामावर परगावाहून आलेल्या मजुरासाठी कोण उभा राहणार? १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचे असेच झाले. दहा हजारांचा जामीन मागितला गेला. भाऊ जामीन राहायला तयार होता, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले. तरीही जामीन मंजूर होऊन आतच बसलेल्या माणसांच्या तारखा माझ्या वहीत निवृत्त होईपर्यंत पडत होत्या.

कायदा मात्र हळूहळू पुढे सरकला आहे, हे मान्य केले पाहिजे. ३१ जानेवारी २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निर्देशांनुसार, जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन द्यायचा; पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळ झाला की सोडायचे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यालाही ही सवलत नाही. मुदत भरली की कोर्टाला लेखी कळवण्याची जबाबदारी खुद्द तुरुंगाधीक्षकावर टाकली आहे. म्हणजे पुन्हा तारखांची वही आली! ती नीट ठेवली तर हजारोंची सुटका. नाही ठेवली तर कलम कागदावर.

मग आपण काय करायचे? फार मोठे काही नाही. मोलकरणीचा मुलगा, सोसायटीचा रखवालदार, कोणीही धरला गेला तर ‘आपल्याला काय करायचे आहे’ असे न म्हणता ठाण्यावर जाऊन नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात: अटकेचा कागद झाला का, घरी कळवले का, आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे केव्हा नेणार? कोठडीतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न काहीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो; १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची मदत मागता येते. माणसाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित माहिती, माहितीच्या अधिकाराखाली अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते, हेही लक्षात ठेवावे. आणि स्वतःची फिर्याद द्यायला गेलात तर तिची प्रत फुकट मिळते. ती हातात पडल्याखेरीज उठू नये.

यात आरडाओरडा नको, ओळखीपाळखी नकोत. पोलिसांतही मनापासून काम करणारी माणसे पुष्कळ आहेत. अपुऱ्या मनुष्यबळात ती राबतात, आणि चोख नोंद त्यांचेही खोट्या आरोपांपासून रक्षण करते. अशा माणसाला आपल्या प्रश्नाचा राग येत नाही. राग येतो तो ज्याची वही कोरी आहे त्याला.