तपासणाऱ्याची परीक्षा

गेल्या मार्गशीर्षांतील एका रविवारीं दुपारचीं जेवणें आटोपून आम्ही मंडळी ओटीवर सुपारी कातरीत बसलों होतों. धाकट्या बंधूंची कन्या त्याच दिवशीं सकाळीं घरीं आली होती. ती संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत शिकते आणि जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या वर्गाला अध्यापन-सहायक म्हणून मदत करते. प्राध्यापकांनीं शिकवावें आणि तिनें मुलांच्या शंका फेडाव्यात, वह्या तपासाव्यात, असें तिचें काम. तिनें पिशवींतून तीन कागद काढले व म्हणाली, "काका, मुलांचीं नांवें मीं काढून टाकलीं आहेत. तुम्ही, बाबा आणि काकू, तिघांनीं दहांपैकीं गुण द्या. पण एकमेकांचे पाहूं नका."

प्रश्न आमच्या शिर्डीचाच होता. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. त्यावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरांची वेगमर्यादा आहे. या वेगानें नागपूरहून शिर्डीस येण्यास किती वेळ लागेल, आणि घरांतील वडील माणसांना घेऊन निघणाऱ्यानें तेवढाच वेळ धरून चालावें काय, असें विचारलें होतें.

पहिल्या मुलानें ५२० ला १२० नें भागून ४.३३ काढले, आणि "४ तास ३३ मिनिटें" असें उत्तर दिलें. दुसऱ्यानें "४ तास २० मिनिटें" एवढेंच लिहून खालीं रेघ ओढली. तिसऱ्या कागदावर एका मुलीनें लिहिलें होतें, "१२० चोक ४८०, उरले ४०, तो तासाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ४ तास २० मिनिटें. परंतु १२० ही मर्यादा आहे, सरासरी नव्हे. आजीला वाटेंत दोनदां तरी उतरवावें लागेल. सहा तास धरावेत."

मीं जुन्या संवयीनें दुसऱ्यास दहा, तिसरीस पाल्हाळाबद्दल चार कापून सहा, आणि पहिल्यास शून्य दिलें. बंधूंचें आयुष्य बँकेंत गेलेलें. त्यांनीं पहिल्यास पांच, दुसऱ्यास दहा व तिसरीस आठ दिले. आमच्या सौभाग्यवतींनीं तिसरीस दहा, दुसऱ्यास पांच व पहिल्यास तीन देऊन वर विचारलें, "यात्रेला निघालेल्या माणसाला त्या दुसऱ्या उत्तराचा उपयोग काय?" कागद तेच, ओटी तीच, घराणें एकच, पण एकाच मुलीच्या पदरांत कोठें सहा पडले, कोठें दहा! पुतणी हंसून म्हणाली, "तपासण्यापूर्वीं आम्हांला शिकवितात तें याचसाठीं, काका."

येथें ज्या गुणाची परीक्षा चालली होती, त्यास संख्यासाक्षरता म्हणूं या. इंग्लंडांत १९५९ च्या क्राउथर समितीच्या अहवालानें या अर्थाचा शब्द प्रथम रूढ केला. केवळ बेरीज-भागाकार येणें म्हणजे ही साक्षरता नव्हे. व्यवहारांत आंकडा समोर आला असतां त्याचा अर्थ ओळखणें, त्यामागचीं गृहीतें तपासणें, आणि त्यावरून शहाणपणाचा निर्णय घेणें, हें सर्व तींत येतें. आपल्या परंपरेला हें नवें नाहीं. भास्कराचार्यांच्या लीलावतींत उदाहरणें येतात तीं हंस, भुंगे, व्यापारी यांच्या रूपानें, म्हणजे जगांतूनच उचललेलीं.

या साक्षरतेची आजची स्थिति मात्र चिंतेची आहे. 'प्रथम' या मुंबईंत स्थापन झालेल्या संस्थेशीं निगडित असलेल्या 'असर' पाहणीनें २०२३ सालीं १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलांमुलींची घरोघर जाऊन परीक्षा घेतली. तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येनें भागणें शेंकडा सुमारें ४३ जणांसच साधलें. पट्टीच्या शून्यापाशीं ठेवलेल्या वस्तूची लांबी शेंकडा सुमारें ८५ जणांनीं बरोबर सांगितली. तीच वस्तु शून्यापासून पुढें सरकवून ठेवली, तेव्हां हें प्रमाण ३९ वर आलें. पट्टी वाचतां येते, परंतु मोजणें म्हणजे काय तें उमगलेलें नाहीं, असाच याचा अर्थ. हींच मुलें उद्यां महाविद्यालयांत येतात. मोठ्या वर्गांतील प्रत्येकाची अशी परीक्षा एकट्या प्राध्यापकानें घेणें दुर्घट. म्हणून सहायक हवेत.

सहायकांची चालहि आपल्याकडे जुनीच आहे. पंतोजींच्या शाळेंत मोठीं मुलें धाकट्यांकडून पाढे घोकून घेत. मद्रासेंत डॉ. अँड्र्यू बेल यांनीं अशीच पद्धति पाहिली, आपल्या शाळेंत चालविली, आणि १७९७ सालीं पुस्तक लिहून ती विलायतेस नेली. पुढें पेशवाईंतील दक्षिणेच्या निधींतून महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊं लागले. ते स्वतः शिकत आणि खालच्या वर्गांना शिकवीतहि असत. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेहि दक्षिणा फेलो होते. आजहि मुंबईच्या आय. आय. टी. सारख्या संस्थांत पदव्युत्तर विद्यार्थी हें काम करतात. परंतु विषय येणें निराळें आणि दुसऱ्याला तो कितपत आला हें ओळखणें निराळें. ही दुसरी विद्या आपोआप येत नाहीं.

ती कशी शिकवितात, हें पुतणीनें आम्हांस सांगितलें. प्रथम निकषपत्रक हातीं देतात. अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या एका संघानें २००९ मध्यें सिद्ध केलेल्या पत्रकांत सहा निकष आहेत: दिलेल्या माहितीचा अर्थ लावणें, ती गणिताच्या रूपांत मांडणें, गणन, त्यावरून निष्कर्ष काढणें, गृहीतें ओळखणें, आणि आपलें म्हणणें आंकड्यांच्या आधारें नीट सांगणें. प्रत्येकाच्या चार पायऱ्या. त्यामुळें "मला आवडलें" किंवा "अक्षर वाईट आहे" यांस वाव उरत नाहीं. मग सर्व सहायक तेच दहा-बारा कागद वेगवेगळे बसून तपासतात, गुण पुढें मांडतात, आणि जेथें अंतर पडलें तेथें प्रत्येकजण कारण सांगतो. ज्यावर एकमत होतें, ते कागद नमुना म्हणून जवळ ठेवतात. निम्मे गठ्ठे झाल्यावर पुन्हां तेच नमुने तपासून पाहतात. कारण थकलेला हात नकळत कडक किंवा सैल होतो.

मेळ किती बसला, हेंहि मोजावें लागतें, आणि त्यांत एक मौज आहे. दोघां परीक्षकांनीं नाणें उडवून पास-नापास ठरविलें, तरी शंभरांपैकीं सुमारें पन्नास ठिकाणीं त्यांचें मत जुळेलच! म्हणून "आमचें शंभरांत साठ जुळलें" हा अभिमान पोकळ होय. जेकब कोहेन यांनीं १९६० सालीं दिलेली रीत अशी: साठांतून योगायोगाचे पन्नास वजा करा, राहिले दहा, मिळवितां येण्याजोगे होते पन्नास, म्हणजे खरा मेळ एक-पंचमांशच.

हें ऐकतांना मला सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींचा एक मुलगा आठवला. सकाळीं मंदिराजवळ हार-फुलें विकून तो शाळेंत येई. परीक्षेंत मीं विचारलें होतें: ६४० रुपयांच्या मालावर शेंकडा साडेबारा नफा, तर नफा किती? त्यानें नुसतें "८० रुपये" लिहिलें. रीत नाहीं, पायऱ्या नाहींत. शेजाऱ्याचें पाहिलें असें समजून मीं शून्य दिलें आणि वर्गासमक्ष चार शब्द सुनावले. पुढल्या वर्षीं तो शाळेंत दिसला नाहीं. बऱ्याच वर्षांनीं त्याच्या दुकानीं हार घेतांना तो गिऱ्हाइकाशीं तोंडीं हिशेब करतांना पाहिला, आणि न राहवून तें ८० कसें काढलें होतेंस म्हणून विचारलें. तो म्हणाला, "साडेबारा टक्के म्हणजे रुपयाला दोन आणे, आठवा हिस्सा. आजानं शिकवलं होतं." मग हार पुडींत बांधीत सहज म्हणाला, "गुरुजी, तेव्हा तुम्ही विचारलंच नव्हतं."

शाळा त्यानें माझ्यामुळेंच सोडली असें मी म्हणत नाहीं. घरची ओढगस्त होती. परंतु माझें तें शून्य त्याच्या अज्ञानाचें माप नव्हतें, माझ्या अज्ञानाचें होतें. मला गणित येत होतें, पण तपासतां येत नव्हतें. आणि तें मला कोणीं शिकविलेंहि नव्हतें.

त्या रविवारीं दिवेलागणीपूर्वीं आम्हीं तिघांनीं तेच कागद निकषपत्रक पुढें ठेवून पुन्हां तपासले. पहिल्याचा भागाकार बरोबर होता. दशांश म्हणजे मिनिटें नव्हेत, एवढेंच त्यास सांगावयाचें राहिलें होतें. दुसऱ्याचें गणन चोख, परंतु प्रश्नाचा उत्तरार्ध त्यानें सोडूनच दिला होता. तिसरीनें सहाहि निकषांकडे लक्ष पुरविलें होतें. या वेळीं आमच्या गुणांत एका गुणाहून अधिक अंतर कोठेंच पडलें नाहीं. सौभाग्यवतींनीं आपले फारसे बदलले नाहींत, हेंहि नमूद केलें पाहिजे.

वाचकहो, प्रत्येक घरीं कोणी ना कोणी मुलांचीं गणितें पाहतोच. म्हणजे आपण सारेच बिनपगारी सहायक आहोंत. तेव्हां चुकीची खूण करण्यापूर्वीं "कसें काढलेंस?" एवढें विचारण्याची संवय आपण लावून घेऊं या. तेवढा एक प्रश्न मीं वेळेवर विचारला असता, तर निदान एका मुलाचे गुण तरी बरोबर पडले असते.